सुकाण नसलेली होडी

तांडेलीण रस्त्यात कुणाला वाट देत नसे. डोक्यावर मासळीची पाटी, एक हात कमरेवर, दुसरा मोकळा, आणि चाल अशी की रस्ताच तिच्या पायाखालून मागे सरकतो आहे असं वाटावं. एकदा प्रभादेवीच्या वळणावर समोरून एका साहेबाची बग्गी आली. गाडीवान ओरडला, त्याने चाबूक हवेत फिरवला. ती थांबलीसुद्धा नाही. "ओझं माज्या डोक्यावर हाय," ती म्हणाली, "तुज्या गारीला चाकं हायेत नि घोरे हायेत. तू वळ." गाडीवान वळला. बग्गीतल्या साहेबाने टोपीला हात लावला, तो रागाने की आदराने हे कळलं नाही. मी शाळेच्या शिग्रामात, म्हणजे बंद घोडागाडीत, पडद्याआड बसून हे पाहत होते, आणि रस्ता जणू मीच अडवला असावा अशी लाजले होते.

आम्ही तेव्हा प्रभादेवीला राहत होतो. घरामागे आमची नारळांची वाडी, आणि वाडीची मागची भिंत थेट किनाऱ्याच्या वाळूला लागलेली. भिंतीपलीकडे कोळ्यांची वस्ती. वडील कोटातल्या एका कचेरीत हेडक्लार्क होते आणि मुलीला इंग्रजी शाळेत घालणाऱ्या थोड्या लोकांपैकी होते. शाळा गिरगावात. तिथे मी फार बोलत नसे, कारण प्रत्येक उत्तर आधी मनात इंग्रजीत जुळवावं लागे. हळूहळू घरीही बोलेनाशी झाले, कारण मराठी उत्तरंही आता जुळवावी लागत. मागच्या दाराच्या पायरीवर पुस्तक घेऊन बसायचं ही माझी जागा. तांडेलीण मासळी घेऊन यायची ती त्याच दाराने.

तिचा नवरा तांडेल होता, म्हणजे स्वतःच्या होडीचा मुख्य. तांडेलाची बायको म्हणून वस्तीत तिला तांडेलीण म्हणत. एका माघात तांडेल तापाने गेला. मागे राहिली एक चार वल्ह्यांची होडी, माझ्याच वयाची मुलगी चंद्री, आणि धाकटा दीर धोंडू. धोंडूला होडी हवी होती. त्याने तेराव्या दिवसानंतर भर वस्तीत मुद्दाम तिला त्याच नावाने हाक मारली. "तांडेल गेला, आता ही तांडेलीण होरी हाकनार," असं म्हणून तो हसला आणि चारचौघे त्याच्याबरोबर हसले. दुसऱ्या दिवशी ती आमच्या दारात आली आणि आईला म्हणाली, "तांडेलीन आलीय. पाटी उतरवायला हात लावा." त्या दिवसापासून तिने स्वतःला दुसरं नाव सांगितलं नाही.

वस्तीच्या पाटलांपुढे गोष्ट गेली. पाटील म्हातारे, सरळ, पण रूढीचे पक्के. बाईने सुकाणाला हात लावायचा नाही हा त्यांचा वाडवडिलांपासूनचा नियम. आणि ज्या होडीच्या सुकाणावर घरचा माणूस नाही ती होडी पडून कुजते, म्हणून ती कुणातरी पुरुषाकडे जावी, हेही तितकंच जुनं. त्यांनी निवाडा दिला तो असा: नारळी पौर्णिमेला, हंगामाच्या पहिल्या दिवशी, तांडेलिणीची होडी इतरांबरोबर दर्यात गेली तर होडी तिची. नाही गेली तर धोंडूची. सुकाणाला मात्र तिने हात लावायचा नाही. मग धोंडूने चारी खलाशांना गाठलं आणि बाईच्या होडीवर कोणी बसणार नाही असं त्यांच्याकडून वदवून घेतलं. शीड होतंच, पण आमच्या किनाऱ्याला खडक फार. त्यांच्यामधून बाहेर पडायला आणि वारा पडला की परत यायला वल्हीच लागत. माणसं नाहीत, सुकाण नाही. निवाडा न्यायाचा दिसत होता आणि त्यातून सुटायला वाट नव्हती.

हे सगळं तिने आमच्या पायरीवर बसून, सुरमई कापता कापता सांगितलं. तिच्या आवाजात रड नव्हती. आई हळहळली. म्हणाली, "मग देऊन टाक दिराला. पोरीचं लग्न तरी करील तो." तांडेलिणीने कोयता थांबवला. "बाईसाहेब, मासा ताजा हाय की नाय ते तुमी कुठं बगता?"

"डोळ्यात," आई म्हणाली.

"मग माज्या डोल्यात बगा."

आईने पाहिलं आणि सुरमईसाठी ताट पुढे केलं. भाव मात्र दोघी रोज करत. आई म्हणे मासळी कालची आहे, तांडेलीण म्हणे नाक कालचं आहे. तिने भाव कधी कमी केला नाही. पण जाताना दोन बोंबील पाटीतून सांडल्यासारखे करून टाकी, आणि ते उचलून परत दिले तर रागावे.

वडिलांना लिलावांचा नाद होता. महालक्ष्मीकडचा एखादा साहेब विलायतेला निघाला की त्याच्या बंगल्यातलं सामान विकायला निघे आणि वडील तिथून काहीतरी घेऊन येत. एकदा खुर्च्यांच्या ढिगाबरोबर एक लोखंडी यंत्र आलं. वर हाताने फिरवायचं चाक, खाली उभा दांडा, आणि दांड्याच्या टोकाला पितळेचा तीन पात्यांचा पंखा. चाक फिरवलं की दांड्याच्या पोटातला गज फिरे आणि खाली पंखा फिरे. हे कशाचं यंत्र ते कुणालाच कळेना. आईने ते विहिरीजवळ टाकलं. त्यावर दोन महिने कपडे वाळले.

तांडेलीण एकदा पाणी प्यायला विहिरीशी गेली आणि परत आलीच नाही. मी पाहायला गेले तर ती माझा परकर बाजूला सारून ते चाक फिरवत होती, आणि खालचा पंखा टक लावून बघत होती. "आगबोटीच्या ढुंगनाला असाच असतो," ती म्हणाली. "मी गोदीत कोरड्यावर चढवलेली बगितलीय. ह्याचा कागूद हाय का?"

कागद होता. एका खुर्चीच्या गादीखाली एक छापील चोपडं निघालं होतं, ते मी ठेवून दिलं होतं. मी छापलेलं काहीच टाकत नसे. त्यात चित्र होतं: होडीच्या मागच्या फळीवर ते यंत्र अडकवलेलं, आणि एक मिशीवाला साहेब एका हाताने चाक फिरवतो आहे, दुसऱ्या हाताने त्याचीच मूठ वळवून होडीला दिशा देतो आहे. तांडेलीण त्या चित्राकडे बराच वेळ पाहत राहिली. मग तिने साहेबाच्या मागे, होडीच्या खाली बोट ठेवलं.

"सुकान कुठं हाय?"

मी वाचलं. सुकाणाची गरज नाही, असं लिहिलं होतं. यंत्रच वळवलं की होडी वळते.

ती उठली आणि वडिलांकडे गेली. वडील म्हणाले, "घेऊन जा बाई, जागा मोकळी होईल."

वैशाखात तिने ते होडीवर अडकवलं. मी भिंतीच्या आतून, पायाखाली दगड घेऊन पाहिलं. ते यंत्र साहेबाच्या सहलीच्या लहान होडीसाठी होतं. तिची होडी मासेमारीची, मागची फळी उंच. दांडा आखूड पडला. पंखा जेमतेम पाण्याला टेकत होता, अर्धा वर, अर्धा आत. तांडेलीण आणि चंद्री आळीपाळीने चाक फिरवत होत्या आणि पंखा नुसता फेस काढत होता. होडी जागची हलेना. किनाऱ्यावर पुरुष जमले. धोंडू ओरडला, "वहिनी, ताक झालं की मना पन वाटी देस." सगळा किनारा हसला. ती कमरेइतक्या पाण्यात उतरली, होडी दोरीने ओढत परत आणली आणि धोंडूच्या समोरून जाताना म्हणाली, "देन की. लोनी काढून तूप पन कढवीन, तवा जीब भाजंल."

संध्याकाळी ती पायरीवर आली. "वाच," म्हणाली. "सगला वाच. काय सोरू नको."

मी वाचलं. दांड्याची लांबी होडीच्या मागच्या फळीच्या उंचीशी जुळली पाहिजे. पंखा होडीच्या तळाच्या जेमतेम खाली फिरला पाहिजे. तो वर राहिला तर हवा घुसळतो. फार खाली गेला तर पाणी ओढत राहतो, हात दमवतो आणि उथळ जागी तळाला आपटतो. म्हणून आधी फळीची उंची मोजावी. तिथे उंचीच्या आधी एक शब्द होता. तो मला चांगला माहीत होता. भूमितीच्या तासाला त्याची व्याख्या मी न अडखळता म्हणून दाखवली होती, बाईंनी शाबासकी दिली होती. पण त्याला माझ्याकडे मराठी नव्हतं. तांडेलीण तोंडाकडे बघत होती. मला अडल्याचं सांगायची लाज वाटली. उंची म्हणजे उंची, असं मनाशी म्हणून मी तो शब्द गाळला आणि पुढचं वाचलं.

"मागच्या फळीची उंची मोजायची," मी म्हणाले. "वरच्या कडेपासून तळापर्यंत."

मोजायचं तर तिला शिकवावं लागत नसे. तिच्या वितीवर सगळ्या वस्तीचा विश्वास होता. जाळ्याचे डोळे, शिडाचा कपडा, पापलेटची रुंदी, सगळं ती वीत आणि बोटांनी सांगे. कोणी फूटपट्टी काढली तर तुच्छतेने बघे. तिचा एक नियम होता: मोजायचं ते हात लावून. "लाकूर असंल तर लाकराच्या अंगानं मोजावा," ती म्हणे. "हवा मोजून कोन होरी बांधत नाय." कोळ्यांच्यात सगळेच असं मोजतात, त्यांचे सुतारही. फळी घालायची तर फळीइतकं लाकूड लागतं, आणि ते फळीला दोरी लावल्यावरच कळतं. तिने मागच्या फळीला वरून खाली दोरी लावली, गाठ मारली आणि ती दोरी घेऊन परळला गेली. तिथे गिरणीत काम करणारा एक मालवणी लोहार राहत होता. पावसाळाभर, होडी झावळ्यांखाली असताना, त्याने फुरसतीच्या वेळात दांडा तिच्या दोरीइतका लांब केला.

श्रावणात, पौर्णिमेला आठ दिवस असताना, तिने दुसऱ्यांदा होडी पाण्यात घातली. या वेळी फेस आला नाही. होडी हलली. पण चाक फार जड जात होतं. दोघी मिळून ओढत होत्या तरी होडी म्हशीसारखी चालत होती. ओहोटी लागली होती. खडकांच्या तोंडाशी, जिथून इतर होड्या रोज जातात, तिथे खालून एक आवाज आला. पितळेचा आवाज पाण्यातूनही स्वच्छ ऐकू येतो. पंख्याचं एक पातं वाकलं होतं.

त्या दिवशी किनाऱ्यावर कोणी हसलं नाही, आणि ते हसण्याहून वाईट होतं. पाटील म्हणाले, "बाय, पुरे झाला. आमी तुज्या वाइटावर नाय." ती होडीच्या काठावर बसून पातं हातात घेऊन बघत होती. उत्तर दिलं नाही. उत्तर न देणारी तांडेलीण मी त्याआधी पाहिली नव्हती.

मी घरात जाऊन चोपडं काढलं. तो शब्द जिथे होता तिथेच होता: पर्पेंडिक्युलर. त्या उन्हाळ्यात आमच्या विहिरीचा कठडा गवंडी बांधत होते. त्यांचा म्हातारा गवंडी दोरीला शिशाचा लोळा बांधून भिंतीशेजारी सोडी आणि एक डोळा मिटून बघे. ओळंबा. माझ्या डोळ्यांपुढे रोज लोंबत असलेली गोष्ट मला पुस्तकात ओळखू आली नव्हती. तिच्या होडीची मागची फळी उभी नव्हती, बाहेर कललेली होती. यंत्राचा दांडा मात्र खिळीवर अडकवलेला, तो कुठेही लावा, सरळ खालीच लोंबायचा. कललेल्या फळीच्या अंगाने मोजलेली दोरी सरळ उंचीपेक्षा लांब येणारच. पंखा तेवढा जास्त खोल गेला होता.

वाडीच्या मागच्या भिंतीला एक लहान दार होतं. त्यातून मी एकटी कधी बाहेर गेले नव्हते. त्या संध्याकाळी गेले. वाळूवर पंधरा-वीस माणसं होती, धोंडू होता, पाटील होते. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला वाटलं की परत फिरावं. पण परत फिरायलाही त्यांच्या देखतच फिरावं लागलं असतं.

"माझं चुकलं," मी तांडेलिणीला म्हणाले. "एक शब्द मी गाळला होता."

"कंचा?"

मी ओळंबा म्हणाले. मग सगळं सांगितलं, फार हळू आवाजात, आणि दोनदा सांगावं लागलं.

तिने मला जवळ घेतलं नाही की काही समजूत घातली नाही. वाकलेलं पातं बाजूला ठेवलं. "गाललास कशाला?"

"मराठी येत नव्हतं."

"मग विचारायचा. मना इंग्रजी येत नाय ते मी तुना सांगितला ना? मना लाज नाय वाटली." मग फळीवर हात ठेवून म्हणाली, "दोरी कोनी धरली होती? मी. फली वाकरी हाय ते मना दिसत नव्हता? अर्धी चूक तुजी, अर्धी माजी. रडायला वेल नाय. दोरी आन."

जाळ्याला लावायचं शिसं तिने दोरीला बांधलं आणि मागच्या फळीच्या वरच्या कडेवरून सोडलं. होडी वाळूवर ओंडक्यांनी सारखी बसवली. शिसं हेलकावत राहिलं, मग थांबलं. फळीच्या वरच्या कडेपाशी दोरी लाकडाला टेकलेली, आणि खाली, तळाच्या पातळीला, दोरी आणि लाकूड यांत दीड हात जागा. धोंडू म्हणाला, "बगा रे, हवा मोजतेय."

"मोजतेय," ती वर न बघता म्हणाली. "तुज्या तोंडातून येते तिच्यापरीस बरी हाय."

एक म्हातारा खलाशी, तांडेलाबरोबर वीस वर्षं बसलेला, पुढे आला. "वहिनी, मासली भरल्यावर होरी पान्यात बसंल. मग तुजा माप चुकंल."

"होरी बसंल तवा तिचा तळ काय वर ऱ्हाईल?" ती म्हणाली. "तळ नि पंखा संगतीच बसतील." खलाशाने मान हलवली आणि होडीचं दुसरं टोक धरून ठेवलं, हलू नये म्हणून. मला वाटतं, त्या क्षणी वस्तीतला पहिला माणूस तिच्या बाजूला आला. तो स्वतः मात्र एवढंच म्हणाला की होडी हलत होती.

फरक निघाला एक वीत. दुसऱ्या दिवशी ती मासळीच्या पाटीऐवजी तो लांब दांडा डोक्यावर आडवा घेऊन परळला निघाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे लोक आपण होऊन सरले, ट्रामचे घोडेसुद्धा. लोहार वैतागला. "अगो बाये, आधी सांगलंस लांब कर, आता सांगतंस आखूड कर."

"पोरीचा परकर आधी आखूर झाला, मग लांब झाला," ती म्हणाली. "आता मापाचा शीव."

त्याने शिवला. पातंही ठोकून सरळ केलं. हे तिने मला स्वतः सांगितलं, पौर्णिमेच्या आदल्या दुपारी, आणि वर म्हणाली, "उद्या भिंतीमागून बगू नको. समोर ये."

नारळी पौर्णिमेला आमच्याकडची सगळी माणसं किनाऱ्यावर जातच, म्हणून मला परवानगी मागावी लागली नाही. होड्यांना पताका लागल्या होत्या. पुरुषांनी दर्याला नारळ दिला. तांडेलिणीने आपल्या होडीच्या पुढून आपला नारळ सोडला. कोणीतरी कुरकुरलं. "नारळ दर्याला दिलाय," ती म्हणाली, "तुमाला नाय." मग ती होडीच्या मागे गेली. पाटील पुढे सरकले. त्यांचा चेहरा त्रासलेला होता. त्यांना ते करायचं नव्हतं आणि करावं लागत होतं.

"बाय, शब्द झालाय. सुकानाला हात लावायचा नाय."

"लावते," तांडेलीण म्हणाली. "एकदाच लावते."

तिने आणि चंद्रीने मिळून सुकाण बिजागऱ्यांतून उपसून काढलं. तांडेलाच्या हाताने गुळगुळीत झालेली त्याची मूठ होती. ते खांद्यावर टाकून ती वाळूवरून चालत वर गेली, सगळ्या माणसांमधून, आणि पाटलांच्या घराच्या उंबऱ्यापुढे ते आडवं ठेवलं. परत येऊन पाटलांसमोर उभी राहिली.

"तुमचा नियम सुकानाचा हाय ना? तुमच्या दारात ठेवलाय. सांभाला. ह्या होरीला आता सुकान नाय. मग बाईनं कशाला हात लावायचा नाय ते सांगा."

धोंडू बोलायला लागला, तेव्हा पाटलांनी हात वर केला. "शब्दात चूक काढ नि दाखव," ते धोंडूला म्हणाले. त्याला काढता आली नाही.

यंत्र लागलं. चंद्रीने चाक फिरवलं. फेस नाही, आवाज नाही. होडीच्या मागे फक्त पाण्याची एक वेणी उमटत गेली. ओहोटीच होती. खडकांच्या तोंडाशी मी डोळे मिटले नाहीत, मिटावेसे वाटले तरी. पंखा खडकावरून गेला. तांडेलिणीने मूठ वळवली, होडी वळली, आणि इतर शिडांमध्ये मिसळली. लांबून तिने वळून पाहिलं असेल, नसेल. मी हात वर केला होता एवढं मला आठवतं, आणि आईने तो खाली ओढला नाही.

ते यंत्र चार हंगाम चाललं. मग आतली दातेरी चाकं झिजली आणि तसली चाकं कुठे मिळेनात. पण तोवर तो म्हातारा खलाशी तिच्या होडीवर बसायला आला होता, त्याच्यामागून दुसरे आले. ती त्यांना एवढंच विचारी, "मना काय म्हनशील?" वहिनी म्हणणाऱ्याला परत पाठवी. तांडेलीण म्हणणाऱ्याला वल्हं देई. होडीला सुकाण मात्र तिने परत लावलं नाही. मागच्या बाजूने एक लांब वल्हं धरून ती होडी वळवी. पाटलांनी दोनदा निरोप धाडला की सुकाण घेऊन जा. तिने उलट निरोप दिला, "ऱ्हाऊ दे. दाराला शोभतंय." दुसऱ्याच्या होडीचं सुकाण उचलणं म्हणजे त्यांच्यात होडीच चोरणं, म्हणून पाटलांना ते हलवताही येईना. त्यांच्या कोंबड्या त्याच्यावर बसत.

मी पुढे त्याच शाळेत शिकवायला लागले. मुली भूमितीला घाबरतात. मी त्यांच्या हातात आधी दोरी आणि शिसं देते, व्याख्या नंतर. मागे एक गृहस्थ शाळा पाहायला आले होते. मुलींना हे कशाला, असं त्यांनी मोठ्या सौजन्याने विचारलं. मी उत्तर इंग्रजीत जुळवत बसले नाही. म्हटलं, मोजायला. एवढंच.

गेल्या आषाढात तांडेलीण गेली. दर्यात मरायचं तिने ठरवलं होतं. ताप येऊन खाटेवर गेली, याचा तिला फार राग आला असता. चंद्रीने निरोप धाडला तेव्हा मी गिरगावात होते, पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. रडायला वेळ नाही, हे तिचं वाक्य मनात धरून मी तिथे बसले, आणि त्या दिवशी ते मी पाळलं नाही.

मग पुन्हा नारळी पौर्णिमा आली, आणि धोंडू पुन्हा आला. या वेळी तो बोलत बसला नाही. तांडेलीण गेली म्हणजे निवाडाही गेला, असं त्याने ठरवलं होतं. सुकाण ज्याच्या हातात त्याची होडी. तो सरळ पाटलांच्या दारात गेला आणि सुकाण उचलायला वाकला. चंद्री वाळूवरून धावत निघाली. मी तिच्यामागे. आम्ही पोहोचायच्या आत पाटील काठी टेकत उंबऱ्यावर आले होते. ते आता फार थकले आहेत. बाहेर येताना त्यांना ते सुकाण ओलांडावं लागलं, एक पाय, मग दुसरा, मध्ये श्वास घेऊन.

"हात लावू नको," ते धोंडूला म्हणाले.

"काका, तिला मरून महिना झाला."

"मना ठाव हाय." पाटलांनी काठी सुकाणावर टेकली. "मी रोज सकाल-संध्याकाल हे ओलांडतोय. किती वर्सं झाली ते तूच मोज. उचलायचा असता तर मी उचलला नसता?"

धोंडू उभा राहिला. चंद्रीने धाप लागलेली असतानाच विचारलं, "मग मी घेऊन जाऊ का, आजोबा?"

पाटलांनी तिच्याकडे पाहिलं, मग खाली किनाऱ्यावर, जिथे तिची होडी पताका लावून, सुकाणाशिवाय उभी होती.

"नको," ते म्हणाले. "ऱ्हाऊ दे. तू जा, भरती उतरंल."